लष्करी अकादमीचे स्नातक : प्रतिष्ठा, पदोन्नती आणि पुढील वाट

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे संरक्षण दलांचे दार दोनदा उघडते. एकदा बारावीच्या टप्प्यावर आणि पुन्हा पदवीनंतर. या वाटेविषयी समाजात दोन टोकाची मते आढळतात. गणवेश, संचलन आणि खांद्यावरील तारे यांच्या आकर्षणापलीकडे पाहण्याची गरज काहींना वाटत नाही. तर पन्नाशी ओलांडताच घरी बसविणारी ही नोकरी आहे, असे म्हणून काही जण तिच्याकडे पाठ फिरवितात. दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर उभी आहेत. लष्करी अकादमीतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला मिळणारी प्रतिष्ठा कशावर आधारलेली आहे, त्याच्या पदोन्नतीची रचना कशी असते आणि ही रचना त्याच्या आयुष्यावर कोणता परिणाम घडविते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने लढले. परंतु अधिकारपदे दीर्घकाळ इंग्रजांच्याच हाती राहिली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा ठेवण्यात आल्या. या तुटपुंज्या सवलतीविरुद्ध राष्ट्रीय नेत्यांनी केंद्रीय विधिमंडळात सातत्याने आवाज उठविला. त्यानंतर नेमण्यात आलेल्या समित्यांच्या शिफारशींतून देहरादून येथे भारतीय लष्करी अकादमी आकाराला आली. १ ऑक्टोबर १९३२ रोजी ४० छात्रांसह तेथील प्रशिक्षणास प्रारंभ झाला आणि १० डिसेंबर १९३२ रोजी तत्कालीन सरसेनापती फिलिप चेटवूड यांच्या हस्ते अकादमीचे औपचारिक उद्घाटन झाले. देशाची सुरक्षितता प्रथम, हाताखालील जवानांचे हित त्यानंतर आणि स्वतःची सोय सर्वांत शेवटी, हा त्यांनी त्या वेळी सांगितलेला क्रम आजही या अकादमीचे ब्रीद मानला जातो. पहिल्या तुकडीतील तीन छात्र पुढे तीन देशांचे सेनाप्रमुख झाले : भारताचे सॅम माणेकशा, पाकिस्तानचे महंमद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक धडा दिला. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्यात समन्वय हवा असेल, तर त्यांच्या अधिकाऱ्यांची जडणघडण एकत्र व्हावी, असा विचार पुढे आला. त्यानुसार जानेवारी १९४९ मध्ये देहरादून येथे आंतरसेवा शाखा सुरू झाली. पुण्याजवळ खडकवासला येथे ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसविण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन झाले. तिन्ही दलांच्या छात्रांना एकाच छताखाली घडविणारी ही जगातील पहिली अकादमी मानली जाते. १९६२ च्या चीन युद्धानंतर अधिकाऱ्यांची निकड भासू लागली आणि १९६३ मध्ये मद्रास येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा स्थापन झाली. तीच आजची चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी होय. हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत १९७१ पासून प्रशिक्षण दिले जाते, तर केरळातील एळिमला येथील भारतीय नौदल अकादमीचे उद्घाटन जानेवारी २००९ मध्ये झाले.

प्रवेश आणि निवड

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी व नौदल अकादमीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वयाचे अविवाहित उमेदवार तिला बसू शकतात. पदवीधरांसाठी संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा असून तीही वर्षातून दोनदा होते. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत गणितास ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीस ६०० असे एकूण ९०० गुण असतात. सेवा निवड मंडळाच्या चाचणीसही तितकेच, म्हणजे ९०० गुण असतात. नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी व्यक्तिमत्त्व चाचणीचे गुण २७५ आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे फरक स्पष्ट होतो. लष्करी निवडीत ज्ञानाइतकेच वजन स्वभावाला दिले जाते.

सेवा निवड मंडळाची प्रक्रिया पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी प्राथमिक छाननी होते. त्यानंतर मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि व्यक्तिगत मुलाखत घेतली जाते व अखेरीस सर्व परीक्षकांची एकत्रित बैठक होते. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे जण उमेदवाराला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. पाठांतराने या चाचणीत यश मिळत नाही. सवयीने अंगी बाणलेली जबाबदारीची जाणीव, स्पष्ट विचार आणि इतरांना बरोबर घेऊन चालण्याची वृत्तीच येथे उपयोगी पडते. एकदा अपयश आल्यास वयोमर्यादेत राहून पुन्हा प्रयत्न करता येतो.

प्रबोधिनीतील प्रशिक्षण तीन वर्षांचे असते आणि यशस्वी छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे छात्र देहरादूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे दुंडिगलला पुढील प्रशिक्षणासाठी जातात. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हा युवक अधिकारी होतो. या वयात त्याचे बहुतेक समवयस्क अद्याप शिक्षण घेत असतात किंवा नोकरीच्या शोधात असतात.

प्रतिष्ठेचा घटनात्मक आधार

लष्करी पदाची प्रतिष्ठा केवळ लोकभावनेवर अवलंबून नाही. तिला राज्यघटनेचा आणि कायद्याचा आधार आहे. अनुच्छेद ५३ अन्वये संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. सेना अधिनियम, १९५० नुसार अधिकाऱ्यास कमिशन, म्हणजेच अधिकारपदाची सनद, राष्ट्रपती देतात. अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली. परंतु त्यातून लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे वगळली. म्हणूनच निवृत्त अधिकारी आपल्या नावापुढे कर्नल किंवा ब्रिगेडियर हे पद लावू शकतो. राष्ट्रपतींच्या अग्रक्रम तक्त्यात तिन्ही दलांचे प्रमुख बाराव्या क्रमांकावर आहेत, तर मेजर जनरल हे केंद्राच्या सहसचिवांबरोबर सव्विसाव्या क्रमांकावर येतात. हा तक्ता केवळ समारंभांपुरता असतो व दैनंदिन प्रशासनातील अधिकारांशी त्याचा संबंध नसतो, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

घटनेने या सन्मानाबरोबर बंधनेही घातली आहेत. अनुच्छेद ३३ अन्वये सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा आणू शकते. अनुच्छेद ३१० प्रमाणे लष्करी अधिकारी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो आणि नागरी सेवकांना अनुच्छेद ३११ ने दिलेले संरक्षण त्याला लागू होत नाही. तो संघटना स्थापन करू शकत नाही आणि पूर्वपरवानगीविना वृत्तपत्रांत मत मांडू शकत नाही. सेवाविषयक तक्रारींसाठी २००७ च्या कायद्यान्वये सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन करण्यात आले आहे.

अकादमीच्या स्नातकावर किती लवकर जबाबदारी पडते, याची साक्ष इतिहास देतो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांना जून १९७१ मध्ये कमिशन मिळाले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्राने त्यांचा गौरव झाला. १९६१ मध्ये काँगोमध्ये धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया आणि १९९९ च्या कारगिल युद्धातील कॅप्टन मनोजकुमार पांडे हेही प्रबोधिनीचेच स्नातक होते. या सेवेतील मान आणि धोका वेगळे करता येत नाहीत.

वेतन आणि निश्चित पदोन्नती

सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये निश्चित करण्यात आले. भारतीय प्रशासकीय सेवेतील नवागत अधिकाऱ्याचे मूळ वेतनही तितकेच ठेवण्यात आले. याशिवाय ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि नेमणुकीच्या ठिकाणानुसार अन्य भत्ते देण्याची तरतूद झाली. मेजरचे प्रारंभिक मूळ वेतन ६९,४०० रुपये, तर लेफ्टनंट कर्नलचे १,२१,२०० रुपये ठरविण्यात आले.

अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार डिसेंबर २००४ पासून पदोन्नतीचे टप्पे सुधारण्यात आले. दोन वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन, सहा वर्षांनंतर मेजर आणि तेरा वर्षांनंतर लेफ्टनंट कर्नल अशी वाट निश्चित झाली. विहित परीक्षा उत्तीर्ण होणारा आणि सेवापट स्वच्छ असणारा अधिकारी पस्तिशीच्या आसपास लेफ्टनंट कर्नल होतो. येथवरच्या प्रवासाला हमी आहे, असे म्हणता येईल.

पिरॅमिडची रचना

यापुढील पदोन्नती निवडीने होते. साधारण पंधरा-सोळा वर्षांच्या सेवेनंतर कर्नल पदासाठी निवड मंडळ बसते. तेथे न निवडल्या गेलेल्या अधिकाऱ्याचा दोनदा पुनर्विचार होतो. त्यानंतर मात्र ते दार बंद होते. असा अधिकारी सेवेत राहतो आणि २६ वर्षांच्या सेवेनंतर त्यास कालबद्ध पद्धतीने कर्नल पद मिळते. परंतु पलटणीचे नेतृत्व त्याच्याकडे येत नाही.

ही चाळणी इतकी कठोर का, हे लष्कराच्या घडणीकडे पाहिले की समजते. एका बटालियनचे नेतृत्व एक कर्नल करतो. सामान्यतः तीन बटालियनची एक ब्रिगेड होते आणि तिचा प्रमुख एक ब्रिगेडियर असतो. तीन ब्रिगेडची मिळून एक डिव्हिजन बनते व तिच्या शिरोभागी एक मेजर जनरल असतो. काही डिव्हिजन मिळून कोअर होते आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट जनरलकडे असते. याचा अर्थ, केवळ नेतृत्वाची पदे विचारात घेतली, तर दर नऊ कर्नलांमागे मेजर जनरलचे एकच पद उपलब्ध होते. मुख्यालयांतील व प्रशिक्षण संस्थांतील पदे मिळविली तर हे प्रमाण थोडे सैल होते. पण रचनेचा आकार बदलत नाही. पात्र असूनही अनेकांना थांबावे लागते. हा त्यांच्या कर्तृत्वाचा दोष नसून रचनेचे गणित आहे, हे स्वतः अधिकाऱ्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनीही समजून घेणे आवश्यक असते.

निवृत्तीचे वयही पदानुसार ठरते. कर्नल ५४ व्या, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतात. पर्वतीय सीमेवर जवानांबरोबर चालणारे नेतृत्व तरुण असले पाहिजे, हे यामागील कारण होय. कारगिल युद्धानंतर या मुद्द्यावर विशेष भर देण्यात आला. मात्र सेना तरुण ठेवण्याची किंमत पंचेचाळीस ते पंचावन्न या वयोगटातील अधिकारी मोजतो; नेमक्या याच वर्षांत त्याच्या मुलांचे उच्च शिक्षण सुरू असते.

या तुलनेत संघटित गट-अ नागरी सेवांमध्ये पदोन्नती लांबली तरी सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीमुळे वरची वेतनश्रेणी मिळण्याची सोय झाली. ही सोय सशस्त्र दलांनाही लागू व्हावी, अशी मागणी झाली आणि सातव्या वेतन आयोगाच्या सदस्यांमध्ये या प्रश्नावर एकमत झाले नाही. दुसऱ्या बाजूस, १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय नागरी सेवांत आलेल्यांना नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली असताना सशस्त्र दलांना तिच्यातून वगळण्यात आले. वीस वर्षे अर्हताकारी सेवा झालेल्या अधिकाऱ्यास निवृत्तिवेतन मिळते. समान पद व समान सेवेसाठी समान निवृत्तिवेतनाची योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचित होऊन ती १ जुलै २०१४ पासून अमलात आणण्यात आली.

अल्पसेवा कमिशन आणि महिला अधिकारी

पिरॅमिडचा पाया रुंद आणि शिखर निमुळते ठेवायचे, तर काही अधिकारी तरुणपणीच सन्मानाने बाहेर पडले पाहिजेत. अल्पसेवा कमिशन हा त्यावरील उपाय होय. चेन्नई येथे सुमारे ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी दहा वर्षे सेवा करतो व ती आणखी चार वर्षे वाढविता येते. त्यास कायम कमिशन न मिळाल्यास उपदान मिळते. निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. चौदा वर्षांनी, म्हणजे साधारण अडतिसाव्या वर्षी, नव्याने सुरुवात करावी लागणे हे या मार्गातील खरे आव्हान आहे. लष्करात काही हजार अधिकारपदे रिक्त असल्याचे संसदेत वेळोवेळी सांगण्यात आले आहे. अल्पसेवेचा मार्ग आकर्षक करण्याशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे.

महिलांसाठी चेन्नईचे दार १९९२ मध्ये उघडले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना पुरुषांच्या बरोबरीने कायम कमिशनसाठी पात्र ठरविले आणि त्यांना नेतृत्वपदांपासून सरसकट दूर ठेवणे अमान्य केले. ऑगस्ट २०२१ मधील न्यायालयीन आदेशानंतर मुलींना प्रबोधिनीची परीक्षा देता आली. २०२२ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ छात्रा ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

प्रशिक्षणातील धोका

प्रशिक्षणकाळात गंभीर दुखापत होऊन काही छात्रांना कमिशन मिळण्यापूर्वीच बाहेर पडावे लागते. तांत्रिकदृष्ट्या ते अधिकारी नसतात. त्यामुळे माजी सैनिकांचा दर्जा आणि त्याला जोडलेल्या सोयी त्यांना दीर्घकाळ मिळाल्या नाहीत. मासिक सानुग्रह रकमेवर त्यांना विसंबून राहावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर अशा छात्रांना माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय झाला. देशसेवेसाठी पुढे आलेल्या युवकाची जबाबदारी राज्यसंस्थेने कोणत्या क्षणापासून स्वीकारावी, हा मूलभूत प्रश्न यातून पुढे आला आहे.

गणवेशानंतरची वाट

लष्करी सेवेत शिक्षणाची दारे सतत खुली असतात. तांत्रिक शाखांतील अधिकारी पुण्याचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, महू व सिकंदराबाद येथील संस्थांमधून पुढील शिक्षण घेतात. स्पर्धात्मक परीक्षेतून निवडलेले अधिकारी वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयात जातात, तर नवी दिल्लीतील राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयात लष्करी अधिकाऱ्यांबरोबर नागरी सेवांचे वरिष्ठ अधिकारीही शिकतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालय भारतीय व्यवस्थापन संस्थांसारख्या ठिकाणी सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालविते. किमान पाच वर्षे सेवा केलेल्या अल्पसेवा अधिकाऱ्यांना विहित अटींवर नागरी सेवा परीक्षेत पाच वर्षांची वयसवलत मिळते.

अकादमीच्या स्नातकांनी अन्य क्षेत्रांतही आपला ठसा उमटविला आहे. प्रबोधिनीत शिकलेले कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये स्वस्त विमानप्रवासाची सेवा सुरू केली. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत रौप्यपदक मिळविले आणि पुढे ते केंद्रीय मंत्री झाले. १९८४ मध्ये अवकाशात गेलेले राकेश शर्मा आणि जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचलेले शुभांशू शुक्ला हे दोघेही प्रबोधिनीचे माजी छात्र आहेत.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जुना संबंध आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेणारी सेवा पूर्वशिक्षण संस्था राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे उभी केली. जनरल मनोज नरवणे आणि त्यांच्यानंतर २०२२ मध्ये लष्करप्रमुख झालेले नागपूरचे जनरल मनोज पांडे हे दोघेही प्रबोधिनीचे स्नातक होत.

समारोप

अकादमीतून बाहेर पडणाऱ्या युवकाला लेफ्टनंट कर्नलपर्यंतची वाट बऱ्याच अंशी निश्चित मिळते. त्यापुढील पदांची हमी कोणीही देऊ शकत नाही. बाविसाव्या वर्षी तीस-पस्तीस जवानांचे प्राण ज्याच्या निर्णयावर अवलंबून असतात, त्याच्याकडे समाज आदराने पाहतो, तो त्या जबाबदारीमुळे. म्हणून विद्यार्थ्यांनी सेनाप्रमुखपदाचे स्वप्न पाहण्यास हरकत नाही. परंतु कर्नल म्हणून निवृत्त झालो तरी ही सेवा सार्थकी लागली असे आपणास वाटेल काय, हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारावा. शासनाच्या दृष्टीने पाहता, सेना तरुण ठेवण्याचे धोरण आणि मध्यमवयात बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याचे पुनर्वसन ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. दुसरे अंग दुबळे राहिले, तर गुणवान युवक पहिल्या टप्प्यावरच अन्य वाटेकडे वळतील आणि रिक्त पदांचा प्रश्न कायम राहील.

सरावासाठी प्रश्न

१. अनुच्छेद १८, ३३ आणि ३१० यांच्या संदर्भात लष्करी अधिकाऱ्याचे घटनात्मक स्थान स्पष्ट करा.
२. सशस्त्र दलांतील पदोन्नतीची रचना पिरॅमिडसारखी का असते? तिचे गुणदोष सांगा.
३. अल्पसेवा कमिशन अधिक आकर्षक करण्यासाठी कोणते उपाय सुचविता येतील?
४. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा लष्करातील महिलांच्या सेवेवर झालेला परिणाम थोडक्यात लिहा.